वादमित्र कोण?

न्यायालयाच्या निकालपत्राचे परीक्षण वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात करावे की काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांस पडेल. आणि तो अगदीच अप्रस्तुत आहे असे आम्ही म्हणणार नाही. कायद्याचे ग्रंथ वकिलांनी वाचावे व काव्यनाटके रसिकांनी वाचावी, अशी वाटणी आपल्याकडे फार दिवसांची आहे. परंतु ज्या निकालपत्राचा आरंभच मिर्झा गालिबच्या एका शेराने होतो, ज्याचा विषय एका स्त्रीचे जगणे व मरणे हा आहे, आणि ज्यातील अर्जदार ही त्या स्त्रीच्या चरित्राची लेखिकाच आहे, ते निकालपत्र केवळ वकिलांच्या कपाटात राहू द्यावे हे आम्हास प्रशस्त वाटत नाही. अरुणा शानबाग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दिलेला हा निकाल. त्या वेळी आम्हीही इतर सुशिक्षितांप्रमाणे वर्तमानपत्रातील सारांशावरच संतुष्ट राहिलो होतो. तो समग्र वाचण्याचा योग गेल्या पावसाळ्यात आला. त्याचे कारण घरचे होते. ते पुढे ओघाने येईल.

हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कारवार किनाऱ्यावरील हळदीपूरची ही मुलगी मुंबईस येऊन परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका झाली. त्याच रुग्णालयातील एका डॉक्टराशी तिचा विवाह ठरला होता. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्या तळघरात तेथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्या वेळी तिचे वय पंचवीस होते. गुन्हेगारास चोरी व प्राणघातक हल्ल्याबद्दल शिक्षा झाली. अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. १९८० मध्ये तो सुटलादेखील. अरुणा मात्र १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयात पडून होती. तिला तेथून हलवून खाट मोकळी करण्याचा प्रयत्न महानगरपालिकेने दोनदा केला; दोन्ही वेळा परिचारिकांनी तो हाणून पाडला. एवढ्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण पडला नाही, याची नोंद न्यायालयानेही घेतली आहे. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले असेल, त्यांस ह्या एका वाक्याची किंमत सांगणे न लगे.

येथे एका शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. आमच्या मराठी वर्तमानपत्रांनी ह्या प्रकरणास सरसकट ‘इच्छामरण’ असे नाव दिले. हा शब्द भीष्माचा आहे. शरपंजरी पडलेल्या भीष्माने उत्तरायणाची वाट पाहिली, ती त्याची स्वतःची इच्छा होती आणि ती त्याने स्वमुखाने सांगितली होती. अरुणेची इच्छा काय होती हे १९७३ नंतर कोणासही कळलेले नाही. कळण्याचा मार्गच नव्हता. मग इच्छा कोणाची? दुसरा शब्द ‘दयामरण’. त्यातही दया करणारा दिसतो, मरणारा दिसत नाही. दोन्ही शब्दांत जिच्याविषयी बोलावयाचे तीच नेमकी गळून पडते. हा केवळ भाषेचा दोष आहे असे आम्हास वाटत नाही. निकाल, चरित्र व चर्चा ह्या तिन्हींत हीच गळती थोड्याफार फरकाने आढळते, आणि प्रस्तुत लेखाचा रोख तिच्यावरच आहे.

प्रथम चरित्र घेऊ. पिंकी विराणी ह्या पत्रकार लेखिकेचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये निघाले; मराठीतही ते ‘अरुणाची गोष्ट’ ह्या नावाने अवतरले आहे. त्यापूर्वी गुजराथीत हरकिसन मेहतांनी १९८५ मध्ये ह्याच विषयावर कादंबरी लिहिली होती, आणि मराठीत दत्तकुमार देसाई ह्यांचे ‘कथा अरुणाची’ हे नाटक १९९४-९५ मध्ये लिहिले गेले. २००२ मध्ये विनय आपट्यांनी ते रंगभूमीवर आणले. नाटकाचा प्राण संवाद. आणि जिच्यावर नाटक लिहावयाचे तिच्या तोंडी संवाद घालता येत नाही, ह्या अडचणीशी नाटककाराला झुंजावेच लागते. चरित्रकाराची अडचण तीच, परंतु ती झाकणे त्याला सोपे जाते. कारण गद्यात लेखक स्वतः बोलत राहू शकतो.

विराणीबाईंचे ऋण आम्ही आधीच मान्य करतो. त्यांनी लेखणी हाती घेतली नसती तर परळच्या त्या खोलीचे दार समाजापुढे उघडलेच नसते. पोलिसांनी काय लिहिले व काय लिहिले नाही, कोणत्या आरोपाअभावी गुन्हेगार लवकर सुटला, ह्याचा पाठपुरावा त्यांनी चिकाटीने केला आहे, आणि तो भाग उत्तम आहे. संतापलेल्या मनाने लिहिलेले असूनही तेथे पुराव्याची पकड सुटत नाही. परंतु खाटेवरच्या अरुणेपाशी पुस्तक येते तेव्हा आम्हास लेखिकेची वेदना अधिक ऐकू येते. ‘हे मला पाहवत नाही’ आणि ‘हे तिला नको आहे’ ही दोन वाक्ये निराळी आहेत. पहिल्याचा पुरावा लेखिकेच्या हृदयात असतो, दुसऱ्याचा रुग्णाच्या आयुष्यात शोधावा लागतो. चरित्रकाराने नेमका तोच शोध करावयाचा असतो, कारण अरुणेची पंचवीस वर्षे बोलती होती. तिला परावलंबनाचा तिटकारा होता की काय, रुग्णालयातील खिळलेल्या रोग्यांविषयी ती मैत्रिणींपाशी काय बोलली होती, ह्याचा धांडोळा न्यायालयात वजनदार ठरला असता. पुस्तकाने करुणा उत्पन्न केली, साक्ष उभी केली नाही, असा आमचा अभिप्राय आहे.

आणि २००९ मध्ये हीच करुणा सर्वोच्च न्यायालयाच्या दारात अर्ज घेऊन उभी राहिली.

कायद्यात ज्याला स्वतः बोलता येत नाही त्याच्या वतीने दुसरा कोणी बोलू शकतो. त्यास इंग्रजीत ‘नेक्स्ट फ्रेंड’ व मराठी परिभाषेत ‘वादमित्र’ म्हणतात. आमच्या उरण तालुक्यातील शेतकऱ्यास हा शब्द ठाऊक नसेल, परंतु सात-बाराच्या उताऱ्यावरील ‘अ. पा. क.’ ही अक्षरे तो चांगली ओळखतो: अज्ञान मुलाच्या वतीने पालनकर्ता म्हणून आईने किंवा चुलत्याने केलेली सही. अशा एका सहीवर जमीन राहते किंवा जाते. तेव्हा अरुणेच्या वतीने सही कोणाची, हा प्रश्न उरणकरांस वाटतो तितका परका नाही.

न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा ह्यांनी त्याचे उत्तर स्पष्ट दिले. विराणीबाईंच्या समाजहितैषी वृत्तीची त्यांनी प्रशंसा केली. परंतु त्यांचा जिव्हाळा रुग्णालयातील सेवकवर्गाच्या जिव्हाळ्याची बरोबरी करू शकत नाही, सबब अरुणेचा वादमित्र म्हणावयाचा तर के. ई. एम.च्या सेवकवर्गालाच, असा निर्णय दिला. आईबाप निवर्तले होते, नातलग केव्हाच दूर झाले होते. जिने रोज अंग पुसले, कूस बदलली, घास भरवला, ती परिचारिका. तिला बोलण्याचा पहिला अधिकार. एखाद्या दिवाणी न्यायाधीशाने वंशावळीचा तक्ता पुढे ओढला असता. ह्या न्यायमूर्तींनी शुश्रूषा पुढे ओढली. रक्ताचे नाते, तत्त्वाची निष्ठा, छापील पुस्तकातील आत्मीयता ह्या तिन्हींच्या वर त्यांनी हातांच्या श्रमाला बसविले. हा ह्या निकालपत्रातील सर्वांत मोलाचा विचार आहे असे आम्ही मानतो. वर्तमानपत्रांनी मात्र त्यास एका ओळीपलीकडे जागा दिली नाही.

अर्ज अर्थातच फेटाळला गेला. मूलभूत हक्काचा भंग सिद्ध झालेला नसल्याने तो तेवढ्या एका कारणावरही फेटाळता आला असता, असे न्यायालयाने आरंभीच म्हटले आहे. जीविताच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही, हे १९९६ च्या ग्यान कौर निकालात ठरून गेले होते. (मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यापूर्वी १९८६ मध्ये मारुती दुबळ ह्या पोलीस शिपायाच्या प्रकरणी उलट मत दिले होते; ते त्या वेळी मागे पडले.) तथापि विषय महत्त्वाचा म्हणून न्यायालय खोलात शिरले, आणि असाध्य स्थितीतील रोग्याचे उपचार थांबविण्यास उच्च न्यायालयाची अनुमती घेऊन मुभा असावी, असा नवाच नियम घालून दिला. जिच्या नावावर नियम झाला तिला तो लागू झाला नाही. एवढेच सांगितले की पुढेमागे सेवकवर्गाचे मत पालटल्यास त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात जावे.

आता ह्या निकालपत्रातील ज्या स्थळी आम्ही फार वेळ थांबलो त्याकडे वळतो. थांबवावयाचे होते ते नेमके काय? लोकांच्या मनात अशा प्रकरणी एक यंत्र असते. त्याची कळ दाबली की श्वास थांबतो. अरुणेच्या खोलीत असे यंत्रच नव्हते. ती आपला श्वास आपण घेत होती. न्यायालयाने नेमलेल्या तीन तज्ज्ञ डॉक्टरांनी तिला तपासले. तिच्या मेंदूचा मृत्यू झालेला नाही, ती जागी असते, चेहऱ्यावर काही भाव उमटतात, असे त्यांस आढळले. सप्टेंबर २०१० मध्ये हिवतापाने आजारी पडेपर्यंत ती तोंडाने मऊ अन्न घेत असे. नंतर नळी आली. म्हणजे थांबवावयाचे होते ते अन्न! श्वासाचे यंत्र हा उपचार, हे कोणासही पटते. नळीतून जाणारे अन्नही उपचारच, असे इंग्लंडातील न्यायाधीशांनी १९९३ मध्ये बलँड नामक तरुणाच्या प्रकरणी धरले, आणि वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. परंतु हाताने भरविलेला घास हा उपचार होय काय? आमच्या घरांतून मरणाऱ्याच्या मुखात शेवटचे चमचाभर पाणी घालण्यासाठी माणसे परगावाहून धावत येतात. ज्या समाजात हे घडते तेथे घास आवरून धरणे ही निष्क्रिय गोष्ट राहत नाही. ती एक कृती होते आणि ती करणाऱ्या हाताला आयुष्यभर चिकटून राहते. ‘करणे’ व ‘न करणे’ ह्यांतील जो भेद निकालपत्रात पानेच्या पाने चालला आहे, तो परळच्या त्या खोलीत, वाटी-चमच्यापाशी येऊन अडखळतो. न्यायमूर्तींस ही अडचण जाणवली होती असे वाटते. परंतु तिची चर्चा करण्याऐवजी ते परदेशांतील निकालांच्या लांबलचक उताऱ्यांकडे वळतात. नेदर्लंडमध्ये काय चालते, ऑरेगॉनमध्ये काय चालते, हे सर्व उपयुक्त असेल. पण निकालाचा हा भाग ग्रंथालयात लिहिल्यासारखा वाटतो, आणि रुग्णालयाच्या डीनच्या निवेदनाचा व सेवकवर्गाचा भाग खाटेजवळ लिहिल्यासारखा.

उच्च न्यायालयाची अनुमती का हवी, ह्याचे निकालपत्रात दिलेले कारण आम्हा उरणकरांस सहज पटण्यासारखे आहे. मालमत्तेच्या लोभाने नातलग डॉक्टरांशी संगनमत करतील अशी भीती न्यायमूर्तींनी उघडपणे बोलून दाखविली. कित्येक टीकाकारांस ती अतिशयोक्ती वाटली. ज्या तालुक्यात सिडकोने व बंदराने जमिनी घेतल्या, ज्यासाठी १९८४ च्या जानेवारीत शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, आणि त्यानंतर साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारी जाईनासे झाले, तेथे राहणारा मनुष्य असे म्हणणार नाही. येथे म्हाताऱ्याच्या अंगठ्याला केव्हा काय किंमत आली हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून राजा हा प्रजेचा पिता, ह्या न्यायाने न्यायालयाने पालकत्व आपल्याकडे घेतले ह्यात आम्हास वावगे दिसत नाही. कालिदासाने दिलीपाचे वर्णन केले त्यातही हीच कल्पना आहे. वावगे आहे ते अंतर. मोऱ्याच्या धक्क्यावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात. १२ जानेवारी २०२४ रोजी रेल्वे व सागरी सेतू दोन्ही एकाच दिवशी चालू झाल्यापासून ती मुंबई आणखीच जवळ आली. पण अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला फोर्टातील उच्च न्यायालय अजून तितकेच दूर आहे.

निकालाचा मुख्य दोष मात्र निराळा आहे. वादमित्र कोण हे न्यायालयाने अचूक ओळखले आणि पुढच्याच पावलाला ते घसरले. वादमित्राला विचारावयाचे असते ते ‘हिची इच्छा काय असती?’ हे. न्यायालयाने प्रत्यक्षात विचारले ते ‘तुमची इच्छा काय?’ सेवकवर्ग म्हणाला, ती जगावी. न्यायालयाने तेच तिचे म्हणणे मानले. निकालानंतर रुग्णालयात मिठाई वाटली गेली, केक कापला गेला, अरुणेचा पुनर्जन्म झाला असे परिचारिका म्हणाल्या. त्या आनंदाचा उपहास करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. कित्येक परिचारिका नोकरीस लागल्या त्या दिवसापासून अरुणा त्यांच्या सेवेचा भाग होती. ती गेली असती तर त्यांच्या आयुष्यातील काहीतरी गेले असते. परंतु नेमके हेच म्हणणे आहे आमचे. लेखिकेला तिचे जगणे सोसत नव्हते, सेविकांना तिचे जाणे सोसले नसते. दोन्ही बाजू आपापल्या सोसण्याविषयी बोलत होत्या, आणि खाटेवरची स्त्री दोन्ही अर्जांत गैरहजर होती. शुश्रूषेने बोलण्याचा अधिकार मिळतो. आपल्या मनाचे बोलणे रुग्णाच्या नावावर खपविण्याचा परवाना मिळत नाही. दुसऱ्याच्या वतीने करावयाच्या विनवणीची ही मर्यादा त्या वेळी कोणी आखून दिली असती तर पुढच्यांचे पुष्कळ काम सोपे झाले असते.

ज्यांना स्वतः बोलता येत होते त्यांच्या बाबतीत महाराष्ट्राला असा घोळ पडला नाही, हेही नमूद केले पाहिजे. सावरकरांनी १९६६ मध्ये अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवला. त्यापूर्वी त्यांनी आपली भूमिका लेखाने मांडली होती. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारास विनोबांनी अन्न, पाणी व औषध नाकारले. देशाच्या पंतप्रधान भेटून गेल्या, पण आश्रमाच्या दारात कोणी हुकूमनामा घेऊन आला नाही. आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे कलम तेव्हा पुस्तकात होतेच. ह्या दोघांच्या मतांविषयी ज्याचे त्याचे मत निराळे असो. त्यांच्या इच्छेविषयी मात्र कोणासच शंका नव्हती.

आता घरच्या कारणाकडे येतो. आमच्या थोरल्या भगिनी (घरात सर्व त्यांस माई म्हणत) पक्षाघातानंतर साडेतीन वर्षे आमच्याकडे उरणास अंथरुणावर होत्या. त्यांचे सर्व काही करंज्याच्या एक कोळी बाई करीत. आम्ही सकाळी महाविद्यालयात जाण्यापूर्वी व आल्यावर माईंच्या खोलीत डोकावत असू आणि त्यालाच सेवा समजत असू. गेल्या ज्येष्ठात न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांस खाडीपलीकडील एका शहरातील रुग्णालयात नेले, आणि त्या रात्री घाईघाईत श्वासाचे यंत्र लावण्यास आम्हीच संमती दिली. नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आता ह्यातून काही निष्पन्न होणार नाही. यंत्र काढता येईल काय, असे विचारता ते गृहस्थ म्हणाले, ‘त्याला दोन मंडळे लागतात, आमच्याकडे ती नेमलेली नाहीत, तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत असाल तर न्या.’ भाच्यास अमेरिकेत फोन केला. तो म्हणाला, ‘मामा, तुम्ही सही केलीत तर मी हायकोर्टात जाईन.’ आम्ही त्याला तत्त्वाच्या चार गोष्टी सांगितल्या. वर्गात सांगतो तशाच. त्याने फोन ठेवला.

त्या वेळी बाकावर बसलेल्या करंज्याच्या बाई म्हणाल्या, ‘सर, माईंनी दसऱ्यापासून घासासाठी तोंड उघडलेलं नाही. मी बोटानं ओठ उघडते म्हणून ते उघडतात. आणि त्या मला आधी म्हणाल्या होत्या, मला खाडीच्या पलीकडे मरू देऊ नको.’ दसऱ्यास आठ महिने होऊन गेले होते. एवढी गोष्ट घरात कोणास ठाऊक नव्हती. कारण ती विचारण्याचे कोणास सुचले नव्हते. आम्ही सही केली. कागदावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ असे शब्द छापलेले होते, जरी सल्ला त्यांचाच होता. माई उरणास आल्या, तिसऱ्या दिवशी पहाटे गेल्या. भाचा अद्याप आमच्याशी बोलत नाही. तो चुकला असे आम्ही मनाशी पुष्कळदा म्हणतो. परंतु त्या रात्री आम्ही फार थकलो होतो, हेही तितकेच खरे, आणि त्या सहीत माईंची इच्छा किती व आमचा थकवा किती ह्याचा हिशेब आमच्याने लागलेला नाही. लेखिकेस व परिचारिकांस जे वर ऐकविले ते आम्ही कोणत्या अधिकाराने ऐकवितो, असे वाचकांनी विचारल्यास आमच्यापाशी उत्तर नाही.

ज्या दोन मंडळांचा उल्लेख डॉक्टरांनी केला ती पुढच्या निकालांतून आली आहेत. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रतिष्ठेने मरण्याचा हक्क जीविताच्या हक्कात सामावून घेतला, २०११ च्या निकालाने ग्यान कौर प्रकरणाचा अर्थ लावण्यात चूक केली होती हे दाखविले, आणि शुद्धीत असताना आगाऊ लिहून ठेवलेल्या इच्छापत्रास मान्यता दिली. पाचशेहून अधिक पानांचे हे निकालपत्र वाङ्मय म्हणून आम्हास जड वाटले; कविवचनांची त्यात इतकी गर्दी आहे की काही ठिकाणी न्यायनिर्णय वाचतो की सुभाषितसंग्रह, असे व्हावे. त्यातील कार्यपद्धतीही तितकीच जड होती: इच्छापत्रावर प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, रुग्णालयाचे मंडळ, जिल्हाधिकाऱ्याने नेमलेले दुसरे मंडळ, पुन्हा दंडाधिकाऱ्याने खाटेपाशी येऊन पाहणे. जानेवारी २०२३ मध्ये ती पुष्कळ हलकी करण्यात आली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावयाचे. दंडाधिकाऱ्यास फक्त कळवावयाचे. आणि मंडळांनी नकार दिला तरच उच्च न्यायालयाकडे धाव. न्यायालय पहिल्या दारातून शेवटच्या दारात गेले. हे आम्हास योग्य वाटते. मे २०२४ मध्ये गोव्यात न्यायमूर्ती एम. एस. सोनक ह्यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून त्या राज्यात पायंडा पाडला, आणि मुंबई महानगरपालिकेने त्याच वर्षी अशी इच्छापत्रे जपून ठेवण्यासाठी विभागवार अधिकारी नेमले. त्यामागे एका मुंबईकर डॉक्टराने उच्च न्यायालयात केलेली खटपट होती. लहान गावी अजून अंधार आहे. एका कचेरीत आम्ही ह्याची चौकशी केली तेव्हा तेथील कारकुनाने मोठ्या अदबीने आम्हास मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीकडे पाठविले.

तरीसुद्धा आम्ही आमचे इच्छापत्र करावयास घेतले आहे. मसुदा ओळखीच्या वकिलांनी केला. आम्हास बोलता येईनासे झाल्यास कोणी निर्णय सांगावा, त्याची नावे त्यात घालावी लागतात. २०२३ पासून एकाहून अधिक घालता येतात. नियमाचे शब्द ‘पालक किंवा निकटचा नातलग’ असे आहेत. इच्छापत्र नसलेल्या रोग्याच्या बाबतीत वादमित्राचा उल्लेख आहे, पण ज्याने स्वतः विचार करून लिहून ठेवले त्याला मात्र पालक व नातलग एवढेच दोन पर्याय. परळच्या परिचारिकांपैकी एकीचेही नाव ह्या रकान्यात बसले नसते. आम्ही पहिले नाव चिरंजीवांचे लिहिले, दुसरे करंज्याच्या बाईंचे. नोटरी साहेबांनी चष्मा वर करून दुसऱ्या नावापुढील मोकळ्या जागेवर बोट ठेवले आणि ‘नाते?’ असे विचारले. तो कागद अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.